ईमॅक्स एक, चेहरे तीन: धूसर अक्षरांचा माझा अनुभव

नव्या लॅपटॉपवर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली टाकली, स्क्रीन स्केलिंग (सगळं मोठं दाखवण्याचं प्रमाण) १५० टक्के ठेवलं आणि ईमॅक्स हा माझा टेक्स्ट एडिटर उघडला, तर अक्षरं पावसात भिजल्यासारखी. बाकी सगळं लख्ख. दोन संध्याकाळी फॉन्ट बदलण्यात घालवल्या, फुकट गेल्या.

दोष फॉन्टचा नव्हताच. लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवायच्या दोन पद्धती आहेत: जुनी एक्स-११ (थोडक्यात एक्स) आणि नवी वेलँड. डेस्कटॉप वेलँडवर चालत होता, आणि माझा ईमॅक्स एक्स-११ साठी बांधलेला. म्हणजे तो एक्सवेलँडच्या (एक्सचे प्रोग्राम वेलँडवर चालवणाऱ्या दुव्याच्या) मध्यस्थीने दिसत होता आणि तयार चित्र ताणून मोठं केलं जात होतं. खात्री करायला एडिटरमध्येच 'विंडो-सिस्टिम' या व्हेरिएबलची किंमत पाहिली: 'एक्स'. मग 'ईमॅक्स-पीजीटीके' हे पॅकेज टाकलं, म्हणजे थेट वेलँडवर चालणारा ईमॅक्स. ही बांधणी २०२३ च्या आवृत्ती २९ पासून आली आहे. अक्षरं लगेच धारदार झाली.

हुरळून तेच पॅकेज जुन्या पीसीवरही टाकलं. तिथे एक्स-११ आहे. उघडताच इशारा आला की पीजीटीके आणि एक्स-११ ही जोडी चालवू नका, मोठा मजकूर कॉपी करताना क्रॅश होईल. गुपचूप 'ईमॅक्स-ल्युसिड' ही एक्स-११ साठीची साधी बांधणी घातली. दिसायला अगदी जुनाट, पण डीमन (पडद्यामागे चालू राहणारा ईमॅक्स) चालू ठेवून लॉगआउट केलं तरी डीमन मरत नाही. एक्सवरचा जीटीकेवाला (जीटीके या बटणं-मेनूंच्या लायब्ररीवर बांधलेला) ईमॅक्स मात्र एक्स बंद झाला की बरोबर मान टाकतो.

सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून) जाताना मात्र '-एनडब्ल्यू', म्हणजे वेगळ्या खिडकीशिवाय टर्मिनलमध्येच ईमॅक्स. मराठी टाइप करायला ईमॅक्सचीच देवनागरी-इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड पद्धत वापरतो, ती तिन्हीकडे सारखीच चालते. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं कधीकधी फुटतात, पण तो टर्मिनलचा प्रश्न. सेटिंगची फाइल सगळीकडे एकच, फक्त फॉन्टची ओळ 'विंडो-सिस्टिम' बघून ठरते.