जुन्या घराचे मूळ रंग कसे शोधावेत आणि कसे लावावेत

शंभर-दीडशे वर्षांचे घर रंगवायला काढले की लोक शेडकार्ड उघडतात आणि करड्या, मातकट छटांवर येऊन थांबतात. जुने म्हणजे फिके, असा आपला समज. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननच्या घरातली लहान जेवणाची खोली मात्र १७८५ मध्ये जंगालाच्या, म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या थराच्या, झगझगीत हिरव्या रंगात रंगवलेली होती. पुढे थर तपासून तो रंग पुन्हा लावला, तेव्हा अनेकांना तो भडक वाटला. आपण ज्याला ‘जुना रंग’ म्हणतो तो बऱ्याचदा काजळी, धूळ आणि पिवळे पडलेले तेल असते. म्हणून कॅटलॉग बाजूला ठेवा आणि आधी भिंत वाचा.

खरवडण्याआधी शिशाची चाचणी करा. ही पायरी गाळू नका. जुन्या तेलरंगात सफेदा, म्हणजे शिशाचे पांढरे रंगद्रव्य, सर्रास असे. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती थेट १९७८ मध्ये. एखादा पोपडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसे निघाले तर कोरडे घासणे आणि ज्योतीने रंग जाळणे बंद. हे काम प्रशिक्षित माणसाकडे द्या आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना तिथून दूर ठेवा.

आता जागा निवडा. भिंतीच्या मधोमध काही सापडत नाही, कारण तिथे प्रत्येक पिढीने घासून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. बिजागरीच्या पाठीमागे, भिंतीतल्या कपाटाच्या आत, चौकटीच्या वरच्या कडेला, विजेच्या बोर्डाखाली बघा. भिंत, दार, खिडकी, छताची पट्टी, प्रत्येकाचा वेगळा नमुना घ्या. शिसे नसल्याची खात्री असेल तर धारदार पात्याने एक छोटा खळगा करा आणि बारीक पाणपेपर ओला करून गोल घासत कडा उतरत्या करा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर उघडे पडतात. दहापट भिंगातून पाहा, दिवसाउजेडी फोटो काढा, थरांना तळापासून क्रमांक द्या.

फसगत होते ती इथे. सर्वांत खालचा करडा किंवा गुलाबी थर पाहून ‘सापडला!’ म्हणू नका. तो नुसता अस्तराचा हात असू शकतो. दोन थरांमध्ये मळाची बारीक काळी रेघ दिसली, तर खालचा थर काही वर्षे उघडा होता, म्हणजे तोच त्या काळचा दिसणारा रंग. जवसाच्या तेलातले रंग अंधारात झाकले गेले की पिवळे पडतात आणि निळ्याचा हिरवट होतो. उघडा केलेला खळगा काही दिवस उजेडात राहू द्या, पिवळेपणा बराच उतरतो. त्यानंतरच छटा जुळवा आणि मन्सेलसारख्या, म्हणजे प्रत्येक छटेला ठरावीक क्रमांक देणाऱ्या, पद्धतीतला क्रमांक लिहून ठेवा. ‘आंब्यासारखा पिवळा’ अशी नोंद रंगाऱ्याच्या उपयोगाची नाही. शंका उरली तर पोपड्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.

रंगद्रव्याचा इतिहासही मदतीला येतो. गेरू, पिवडी, काजळी कोणत्याही काळात सापडतील. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. क्रोमियमचा शोध १७९७ चा, त्यामुळे क्रोम पिवळा त्याआधीच्या थरात असूच शकत नाही. टायटॅनियमचा लख्ख पांढरा दिसला की समजा, आपण विसाव्या शतकात आहोत.

मग काळ ठरवा. सर्वांत जुना थरच हवा, हा हट्ट मला पटत नाही. खिडक्या, दारे आणि नक्षी १८८० च्या दुरुस्तीतली असतील तर रंगही त्याच थराचे शोभतात. पण भिंत एका काळातली आणि दार दुसऱ्या, असे नको. भिंतीचा कोणता थर दाराच्या कोणत्या थराच्या काळचा, हे आधी जुळवून घ्या. एखाद्या आडभिंतीवर दोनच थर असतील आणि शेजारी नऊ, तर ती आडभिंत बहुधा नंतरची.

छटेइतकेच माध्यमही महत्त्वाचे. चुन्याच्या गिलाव्यावर प्लॅस्टिक इमल्शन मारले की आतली ओल अडकते आणि पोपडे सुटतात. तिथे चुन्याचाच हात द्या: भिंत आधी ओलसर करा, पातळ हात लावा, प्रत्येक हात वाळू द्या, असे तीन-चार वेळा. ओला चुना गडद दिसतो आणि वाळून बराच उजळतो, तेव्हा ओल्यावर निर्णय नको. लाकडावर तेलरंग चालेल, फक्त आजची काचेसारखी चकाकी टाळा.

मोठा नमुना आधी फळीवर रंगवा आणि ती फळी सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात त्याच खोलीत ठेवून पाहा. हे रंग मेणबत्तीच्या नाहीतर तेलाच्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशासाठी निवडलेले होते. थंड पांढऱ्या बल्बखाली ते रागावल्यासारखे दिसतात, त्यामुळे २७०० केल्विनच्या आसपासचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दिवे लावा.

शेवटचा हात देण्याआधी एका कोपऱ्यात वीतभर पट्टी जुन्या थरांसकट तशीच सोडा. खळग्यांचे फोटो आणि क्रमांकांची वही घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या रंगाऱ्याला पुन्हा खळगे पाडावे लागणार नाहीत.