समाजवादी मंगोलियाची नोट: ती कोणत्या मालिकेची हे कसं ओळखायचं

नोट हातात आली की आधी तसबीर पाहू नका. क्रांतिकारक दाम्दिन सुखबातार १९३९ च्या मालिकेपासून नोटांवर आहे आणि १९९३ नंतरच्या छोट्या नोटांवरही तोच आहे. त्याच्यावरून काळ ठरत नाही.

पहिली तपासणी लिपीची. उभी मंगोल लिपी दिसली तर नोट १९२५ ते चाळीसच्या दशकातली, नाहीतर थेट १९९३ नंतरची. मागे चरणारे घोडे असतील तर ती नवीच समजा. नुसती सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेची लिपी, असेल तर ती १९५५, १९६६ किंवा १९८१-८३ च्या मालिकेतली. घाईत ती रशियन वाटू शकते, म्हणून 'तोग्रोग' हा मंगोलियाच्या चलनाच्या नावाचा शब्द भिंगाखाली धरा: त्यात पोटातून आडवी रेघ गेलेला गोल दोनदा येतो. आजच्या रशियनमध्ये ते अक्षर नाही.

मग राजचिन्ह. घोडेस्वार या तिन्ही मालिकांत आहे, फरक त्याच्याभोवती आहे. १९६० आधीच्या चिन्हात जनावरांची डोकी आहेत. १९६० मध्ये त्यांची जागा दातेरी चाक आणि गव्हाच्या ओंब्यांनी घेतली. पशुपालक देशाला उद्योग आणि शेती दाखवायची होती, ते या एका बदलात दिसतं. म्हणून डोकी असलेली नोट १९५५ ची, चाक असलेली १९६६ किंवा नंतरची.

या शेवटच्या दोन मालिका वेगळ्या करायला छापलेलं वर्ष पाहा. वर्ष घासलेलं असेल तर किंमत मदत करते. १९६६ चा संच १, ३, ५, १०, २५, ५०, १०० असा, म्हणजे १९६१ च्या सोव्हिएत रुबलचाच. १९८१ मध्ये २५ गेली, २० आली. त्यामुळे '१९८१ ची २५' कोणी विकत असेल तर सरळ नाही म्हणा. १ आणि ३ वर मात्र १९८३ छापलंय. ते पाहून नोट बनावट ठरवू नका.

'कोरी' म्हणून विकलेली नोट तिरक्या उजेडात धरा. इस्त्रीने दाबलेली घडी समोरून दिसत नाही, पण तिथे तंतू तुटलेले असतात आणि शाई बारीक रेघेत उडालेली असते. फाटकी कड चिकटपट्टीने जोडू नका, गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. पीव्हीसीची पाकिटंही टाळा: त्यातलं मऊ करणारं रसायन कालांतराने बाहेर येऊन नोट चिकट होते. पॉलिएस्टरचं पाकीट घ्या.