मेंदूतील गाठ आणि झटके : घरच्यांनी काय पाहावे, काय टिपून ठेवावे

कापूस वेचणी चालू असताना माझ्या थोरल्या भावाला पहिला झटका आला. डॉक्टरांना आम्ही एवढेच सांगू शकलो की तो पडला, अंग ताठ झाले आणि तोंडाला फेस आला. त्यांनी विचारले, "सर्वांत आधी काय हलले?" घरातील एकाही मोठ्या माणसाकडे उत्तर नव्हते. उत्तर दिले ते शेजारच्या ओळीत असलेल्या दहा वर्षांच्या पुतण्याने. उजव्या हाताचा अंगठा उडू लागला, मग मनगट, मग तोंडाचा उजवा कोपरा ओढला गेला आणि त्यानंतर बाबा पडले, असे त्याने सांगितले. झटका थांबल्यावरही दादाला अर्धा तास शब्द सापडत नव्हते. एमआरआय होण्यापूर्वीच डॉक्टरांनी मेंदूच्या डाव्या बाजूचा अंदाज बांधला आणि गाठ तेथेच निघाली.

ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराने पहिली गोष्ट शिकावी ती ही, की झटका कोठून सुरू झाला आणि कोणत्या क्रमाने पसरला हे पाहायचे असते. मेंदूच्या पृष्ठभागावर अंगठा, हात आणि चेहरा यांची हालचाल घडवणारे भाग एकमेकांना लागून असतात, त्यामुळे झटक्यात पेशींच्या विद्युत संकेतांचा उडालेला गोंधळ एका भागातून शेजारच्या भागात सरकला की शरीरावर तोच क्रम उमटतो. ब्रिटिश डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच, कोणताही स्कॅन नसताना, केवळ निरीक्षणावरून ही गोष्ट ओळखली होती.

मात्र झटका नेहमीच शेजाऱ्या-शेजाऱ्याने सरकत नाही. मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशी लांबलांबच्या तंतूंनी जोडलेल्या असतात आणि बोलणे, लक्षात ठेवणे, बेत आखणे ही कामे एकेका ठिकाणी न होता अनेक भागांच्या जाळ्यांतून होतात. १९९५ मध्ये संशोधक भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की माणूस स्वस्थ पडून असतानाही डाव्या आणि उजव्या हातांच्या मेंदूतील भागांचे काम एकाच लयीत कमीजास्त होत असते. म्हणूनच एका बाजूच्या गाठीचा परिणाम दूरच्या, स्कॅनमध्ये निरोगी दिसणाऱ्या भागावरही होतो. आपल्याकडच्या रेल्वेवरून हे चटकन समजते. यवतमाळ–मूर्तिजापूर ही शकुंतला नावाची छोटी गाडी थांबली तेव्हा आमच्या गावांचे फार हाल झाले, तरी मुंबई–हावडा गाड्या धावत राहिल्या. पण बडनेऱ्याला रूळ अडला, तर खोळंबा कोठपर्यंत पोहोचतो हे आपण जाणतो. मेंदूतही अशी जंक्शने आहेत. लहान गाठ जंक्शनजवळ असेल तर त्रास मोठा होऊ शकतो आणि मोठी गाठ बाजूच्या फाट्यावर असेल तर बराच काळ कोणाला कळतही नाही.

गाठीमुळे झटके का येतात, हेही समजून घ्यावे, कारण त्यावरून औषधांचे महत्त्व पटते. ग्लायोमा या प्रकारच्या गाठीच्या पेशी ग्लुटामेट नावाचे उत्तेजक द्रव्य भोवती सोडतात आणि आसपासच्या चेतापेशींना आवर घालणारी यंत्रणाही दुबळी होते. २०१९ मध्ये तर असे आढळले, की चेतापेशी या गाठीच्या पेशींशी थेट जोडण्या करतात आणि त्यांतून येणाऱ्या संकेतांनी गाठीच्या वाढीला बळ मिळते. आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. संथ वाढणाऱ्या ग्लायोमात बहुसंख्य रुग्णांना झटके येतात. ग्लायोब्लास्टोमा या झपाट्याने वाढणाऱ्या ग्लायोमात त्यांचे प्रमाण कमी असते. संथ गाठीभोवतीच्या जाळ्याला नव्याने जुळायला अनेक वर्षे मिळतात. त्यामुळे रुग्ण चालता-बोलता राहतो, पण तेच बदललेले जाळे झटक्यांना वाट करून देते.

प्रत्यक्ष झटका आला की आधी घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, जवळचा विळा, दगड किंवा चूल यांपासून त्याला दूर ठेवावे. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, हातात किल्ल्या देणे यांचा काडीचाही उपयोग नाही. झटका आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटांत तो थांबला नाही किंवा शुद्ध न येता दुसरा झटका सुरू झाला, तर १०८ ला फोन करावा. डॉक्टरांनी नाकात मारायचा, झटका थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे लिहून दिला असेल, तर तो कसा व केव्हा वापरायचा हे घरातील दोघांनी तरी आधीच शिकून ठेवावे.

दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रफीत घेतली तर उत्तम. नंतर वहीत लिहावे : तारीख, वेळ, आधी काय हलले, डोके व डोळे कोणीकडे वळले, बोलणे थांबले का, रुग्णाला विचित्र वास आला किंवा पोटातून काही वर चढल्यासारखे वाटले का, झटक्यानंतर कोणता हात लुळा होता आणि किती वेळ, आदल्या रात्री झोप झाली होती का, गोळी चुकली होती का. क्षणभर टक लावून बसणे आणि ओठ चाटत राहणे हाही झटकाच असू शकतो.

दोन झटक्यांच्या मधले दिवसही पाहावेत. माझ्या मते याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. दादा बाजारातून चार वस्तू आणायचा तेथे दोन आणू लागला, गड्यांची मजुरी जोडताना अडू लागला, आणि आम्ही त्याला आळशी म्हणालो. ते जाळ्याचे दुखणे होते. लेव्हेटिरासेटाम या झटक्यांवरील गोळीनेही काहींची चिडचिड वाढते. असा बदल दिसल्यास डॉक्टरांना सांगावे, पण गोळी मनाने बंद करू नये, कारण अचानक बंद केल्याने झटक्यांची मालिका सुरू होऊ शकते. आठवडाभराचा साठा उरला असतानाच नवी पाकिटे आणावीत.

स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणजे ट्यूमरच, असे मानून खचू नये. आपल्या भागात क्षयाची गाठ किंवा पट्टकृमीची अळी हीही झटक्यांची कारणे असतात आणि त्यांवर औषधे आहेत. निदानासाठी नागपूरचे एम्स किंवा सेवाग्रामचे रुग्णालय गाठता येते. खर्चाच्या धास्तीने थांबू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशन कार्ड व आधार कार्ड दाखवून आधीच विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर गाठ गेली तरी बदललेले जाळे मागे राहते, म्हणून काहींचे झटके बंद होतात, काहींचे राहतात. डॉक्टर सांगेपर्यंत ट्रॅक्टर व मोटारसायकल चालवणे, विहिरीच्या काठावर एकट्याने जाणे, फवारणीचा पंप पाठीवर घेणे टाळावे. दादाने वखर सोडला, पण कापसाच्या काट्याजवळ बसून वजने तो स्वतः लिहितो. चूक झाली की पुतण्या ती हळूच दुरुस्त करतो आणि त्या दिवशी किती चुका झाल्या तेही वहीत टिपतो. पुढच्या तपासणीला डॉक्टर आधी तेच पान उघडतात.