आरशावर तेलाचा थेंब

माझी १९९२ची मर्सिडीज एसएल, छप्पर उघडणारी गाडी; या पिढीचं कारखान्यातलं नाव आर१२९. मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साको यांच्या काळातलं डिझाइन, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कारखान्यातली. गाडी उलटतेय असं सेन्सरला वाटलं, की सीटमागचा रोलबार (डोकं वाचवणारा दांडा) ०.३ सेकंदात उभा राहतो. छप्पर साधारण अर्ध्या मिनिटात उघडतं, तेही एका बटणावर.

मार्चमध्ये ते अर्ध्यावरच अडकलं. वर आतल्या आरशावर तेलकट थेंब! आधी वाटलं, मीच काहीतरी सांडलं.

पुढच्या काचेच्या वरच्या कडेत छप्पर पकडणाऱ्या कुलपाचा छोटा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, सिलिंडर असतो. तिथूनच गळत होतं. गाडीला काय दोष द्यायचा, तीस वर्षांचं रबर कडक होणारच. सन वायझर आणि वरची पट्टी काढली, नळ्यांवर खुणा केल्या (हे विसरलात तर पुढे रडाल), सिलिंडर सोडवून नवे सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बसवले. पंपाची टाकी डिकीत आहे, तिच्यात नेमून दिलेलं हायड्रॉलिक तेल भरलं. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगतात. मग हवा निघेपर्यंत छप्पर पाच-सहा वेळा उघडलं-मिटलं.

आरसा अजून कोरडा आहे.