टेकडीवरची शर्यत: या चुका टाळा

पुण्यातली वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच आहे, म्हणजे खालच्या पेठांपेक्षा दोनशे मीटरहून जास्तच वर. आजूबाजूच्या सोसायट्यांतली शंभर-दीडशे माणसं जमवून अशा टेकडीवर आठ-दहा किलोमीटरची शर्यत घेताना काय काय चुकतं, ते मी आधी धावताना आणि नंतर आयोजन करताना पाहिलंय. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: टेकडीला रस्ता समजणं.

सुरुवातच बघा. रस्त्यावर दीडशे जण एकदम सुटले तरी पांगतात. पायवाटेवर दोन माणसं जेमतेम शेजारी मावतात, त्यामुळे मागचे पुढच्यांच्या टाचांवर चढतात आणि कडेच्या गवतातून पुढे घुसतात. वीस-वीस जणांचे गट करून दोन-दोन मिनिटांनी सोडा आणि प्रत्येक गटाची वेळ वेगळी धरा.

पहिल्या चढावर सगळ्यांनाच जोर येतो. तिथे घड्याळातला वेग बघू नका, श्वास बघा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर सरळ चाला. उभ्या चढावर भराभर चालणारा धापा टाकत पळणाऱ्याला मागे टाकतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

खरी दुखापत होते ती उतारावर. टेकडीवर बऱ्याच ठिकाणी कठीण खडकावर मुरमाचा पातळ थर असतो. तोच घसारा. पाय टेकला की खडे गोट्यांसारखे फिरतात. भीतीनं माणूस मागे रेलतो, टाचेनं ब्रेक लावतो आणि नेमका तिथेच घसरतो. गुडघे किंचित वाकलेले ठेवा, पावलं आखूड आणि झटपट टाका, नजर तीन-चार मीटर पुढे असू द्या. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो. त्याला उपाय सरावाचाच: आधीचे तीन-चार आठवडे आठवड्यातून एकदा तरी उतारावर धावा. नखं दोन दिवस आधी कापा आणि घोट्याजवळची नाडी घट्ट बांधा, नाहीतर अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि नख काळं पडतं. पावसाळा संपल्यावर वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात घुसतात. ती चालढकल न करता थांबून काढा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, न काढल्यास फोड येतो. आणि घोटा मुरगळला तर शर्यत तिथेच सोडा.

पाण्याबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. न पिणं वाईटच, पण तहान नसताना ढोसत राहणंही धोक्याचं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं होतं, आणि त्याचा मोठा संबंध जास्त पाणी पिण्याशी होता. तासाभराच्या शर्यतीत तहानेप्रमाणे प्या. कुणी असंबद्ध बोलू लागला तर नुसतं पाणी पाजत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

आता आयोजकांकडे वळतो, कारण एक चूक आमच्याच हातून झाली. आदल्या संध्याकाळी आम्ही फक्कीनं बाण काढले. रात्री अवकाळी सर आली आणि खाणीकडे जाणाऱ्या फाट्यावरचा बाण धुऊन गेला. अकरा जण भलतीकडे गेले. त्यातली एक मुलगी पहिल्यांदाच धावत होती. ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर माणूस उभा असतो, आणि वळण संपल्यावर वीस पावलांवर आणखी एक रिबन असते, म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत याची खात्री पटते. सर्वांत शेवटी एक अनुभवी गडी चालतो. दिलेले आणि परत आलेले बिल्ले जुळल्याशिवाय कुणीही घरी जात नाही.

जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला शर्यत सुरू केली तर पाऊण तास अंधार असतो, म्हणून कपाळावर टॉर्च हवाच. वनखात्याची परवानगी आधीच काढा. घड्याळात अंतर नऊ आलं की साडेनऊ, यावरून भांडू नका; नागमोडी वाटेवर घड्याळं थोडी चुकतातच.

वर रोज फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांसाठी ती सकाळ नेहमीसारखीच असते. काठी टेकत चालणाऱ्या माणसाच्या कानाशी शिट्टी वाजवू नका. चार पावलं आधी वेग कमी करा, ‘आजोबा, उजवीकडून येतोय’ म्हणा. उन्हाळ्यात शर्यत असेल तर वाट सोडून मोकळ्या माळावर धावू नका, टिटवीची अंडी उघड्या जमिनीवरच असतात आणि खड्यांत दिसतही नाहीत.

पाण्याला प्लास्टिकचे पेले नकोत, प्रत्येकानं आपला पेला आणावा. रिबनी मोजून बांधा आणि मोजून काढा. गेल्या खेपेला १२० बांधल्या होत्या, खाली ११८ आल्या. उरलेल्या दोनसाठी आम्ही दोघं दुपारी पुन्हा वर गेलो.