घरखर्चासाठी क्रेडिट कार्ड निवडताना या चुका टाळा

आमच्या नात्यात कुणालाही कार्ड घ्यायचं झालं की फोन मला येतो आणि प्रश्न ठरलेला, "ताई, एकात ५ टक्के कॅशबॅक आहे आणि दुसऱ्यात दीडच, मग ५ वालंच घेऊ ना?" अरे थांबा जरा, आधी तुमचा पैसा जातो कुठे ते तर बघा. मोठा आकडा दिसला की अर्ज भरून मोकळे, आणि हिशोब करायला कुणाला वेळ नसतो, याचा मला खरंच राग येतो.

माझ्या मावसबहिणीने असंच घेतलं. ५ टक्के फक्त ऑनलाइन खरेदीवर, बाकी सगळीकडे १, आणि वर्षाची फी ९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९ रुपये. दुसरं कार्ड फुकट होतं, सरसकट दीड टक्का. ती राहते नाशिकला, किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून, कपडे दुकानात जाऊन हात लावून बघितल्याशिवाय घेणार नाही, ऑनलाइन महिन्याला जेमतेम ३००० आणि दुकानांत स्वाइप १२,०००. मी तिच्या दुधाच्या हिशोबाच्या वहीतच मांडून दाखवलं. ५ टक्केवाल्यावर वर्षाचे ऑनलाइनचे १८०० आणि दुकानांतले १४४०, एकूण ३२४०, फी वजा केली की उरले २०६१. फुकटवाल्यावर ५४० आणि २१६०, म्हणजे २७००. फी न भरता वर्षाला ६३९ जास्तच!

पण मी हे मांडलं तोवर उशीर झाला होता. वर्षाला २ लाख खर्च केले तर फी माफ, आणि तिचे होत होते १ लाख ८०, म्हणून शेवटच्या महिन्यात तिने २० हजारांचा मायक्रोवेव्ह घेतला. ११७९ वाचवायला २० हजार! घरात आधीचा ओव्हन चांगला चालत होता, नवा अजून खोक्यात आहे, माळ्यावर, गव्हाच्या कोठीशेजारी. फीमाफीसाठी एक रुपयाही जास्तीचा खर्च करू नका, हे मी हात जोडून सांगते. नेहमीच्या खर्चात ती मर्यादा गाठत नसाल तर ते कार्ड तुमच्या घरासाठी नाहीच.

मी काय करते, तर बँकेचं आणि यूपीआयचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढते, पेन घेऊन किराणा, पेट्रोल, शाळा, लाइट बिल, ऑनलाइन अशा खुणा करते आणि मग दोन्ही कार्डांचे दर त्यावर लावून बघते. एक संध्याकाळ जाते, पण "शॉर्टकट सांग ना" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

दुसरी गोष्ट दुकानाच्या कोडची. बँक पाटी वाचत नाही, स्वाइप मशीनला दिलेला चार आकडी कोड वाचते, किराणा-सुपरमार्केटचा ५४११. दुकानदाराने मशीन वेगळ्या धंद्याच्या नावावर घेतलं असेल तर "किराण्यावर जास्त" वाली ऑफर तिथे लागूच होत नाही. म्हणून नवीन कार्डावर मी आधी शे-दोनशेची साखर-चहा पावडर घेते, पॉइंट किती आले ते बघते आणि मगच महिन्याचं सामान भरते. पेट्रोल, घरभाडं, विमा, लाइट बिल, शाळेची फी यांवर बऱ्याच कार्डांत काहीच मिळत नाही किंवा कमी मिळतं, ते नियमांत बारीक अक्षरात असतं, तिथूनच वाचायला सुरुवात करा.

पॉइंटवालं कार्ड असेल तर एका पॉइंटचे पैसे किती ते विचारा. १०० रुपयांवर १० पॉइंट ऐकायला भारी, पण पॉइंट २५ पैशांचा असेल तर ते अडीच टक्केच झाले. बऱ्याच कार्डांत पॉइंटची मुदत संपते हेही लक्षात ठेवा.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या साध्या वैयक्तिक खात्याचा असेल तर त्यावर चालणार नाही, तो खर्च कार्डात धरू नका.

आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली निदान एवढी तरी भराच अशी किमान रक्कम. २४ हजारांच्या बिलावर १२०० भरून "भरलं ना" म्हणणारे मी घरातच बघितलेत. उरलेल्या २२,८०० वर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ७९८, त्यावर जीएसटी, म्हणजे जवळपास ९४२, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. तीन महिने असं केलं की वरचे ते वर्षाचे २७०० साफ. पूर्ण बिल भरायची खात्री नसेल तर दोन्हीपैकी एकही कार्ड घेऊ नका, डेबिट कार्ड बरं.

चुकीचं कार्ड घेतलंच असेल तर ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका, फी लागत राहते. सगळी बाकी भरा आणि बंद करायची विनंती लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बाकी नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. विनंतीचा ईमेल मात्र जपून ठेवा.