रासुका लागला तर: इंदूरच्या घरच्यांनी आधी तारखा बघाव्यात

ऑस्ट्रेलियात दहशतवादाच्या गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेल्या कैद्याला पुढे आत ठेवायचं असेल तर सरकारला कोर्टात अर्ज करावा लागतो. कैद्याला वकिलामार्फत बाजू मांडता येते आणि एका आदेशाची मुदत तीन वर्षांपुढे जात नाही. आपल्याकडे तसा कोर्टाचा आदेश नाही. इथे जामीन झाल्यावर किंवा सुटका जवळ आल्यावर राष्ट्रीय सुरक्षा कायदा 1980, म्हणजे रासुका, लावून माणसाला खटल्याशिवाय कोठडीत (स्थानबद्ध) ठेवता येतं आणि आदेशावर सही कलेक्टरची किंवा पोलीस कमिश्नरची असते. म्हणून "आमच्या मुलाने काही केलंच नाही" हे पटवण्यात पहिला आठवडा घालवू नका. अनेक आदेश तारखांवर आणि कागदांवर पडतात.

आधी आदेश नीट वाचा. जिला बदरचा आदेश वेगळा, त्यात माणसाला जिल्ह्याबाहेर जावं लागतं. रासुकाचा असेल तर कलम 3 चा उल्लेख सापडेल. सही करणाऱ्याला राज्य सरकारने दिलेला अधिकार एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असतो. त्या अधिसूचनेची प्रत मागा आणि आदेश त्या मुदतीत बसतो का ते बघा.

मग एका कोऱ्या कागदावर दोन तारखा लिहा: आदेश निघाल्याची आणि तो बजावून माणूस स्थानबद्ध झाल्याची. माणूस आधीच जेलमध्ये असेल तर या दोन तारखांत फरक पडू शकतो, आणि चूक इथेच होते. राज्य सरकारची मंजुरी साधारणपणे आदेश निघाल्यापासून 12 दिवसांत हवी. पुढचं सगळं स्थानबद्धतेपासून मोजायचं: स्थानबद्धतेची कारणं लेखी देणं साधारणतः पाच दिवसांत, प्रकरण सलाहकार मंडळाकडे (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणारं मंडळ) तीन आठवड्यांत, मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत, आणि एकूण कमाल 12 महिने. मंजुरीनंतर राज्याने सात दिवसांत केंद्राला कळवायचं असतं. प्रत्येक तारखेचा पुरावा मागून घ्या, तोंडी "हो, झालंय" चालत नाही.

कारणांसोबत येणारा गठ्ठा पान पान उलटून बघा. त्यात पोलिसांनी केलेली जुन्या गुन्ह्यांची यादी असते: गुन्हा क्रमांक, कलम, ठाणं, आणि शेवटी निकालाचा रकाना. हा रकाना रिकामा असेल किंवा नुसतं "कोर्टात प्रलंबित" लिहिलं असेल, तर त्या खटल्यांचे निकाल कोर्टातून काढा. निर्दोष सुटलेला खटला यादीत तसाच पडलेला असेल आणि सही करणाऱ्यासमोर तो निकाल ठेवलाच नसेल, तर हा मुद्दा वजनदार आहे. जामिनाचा आदेश गठ्ठ्यात आहे का, जुन्या घटनांचा आजच्या कारवाईशी संबंध लागतो का, हेही बघा. एफआयआरची झेरॉक्स काळी, न वाचता येणारी असेल तर लगेच लेखी मागणी करा. माणसाला हिंदी खरंच वाचता येत नसेल तर मराठी भाषांतर मागा. पण इंदुरात वाढलेल्या, हिंदी शाळेत शिकलेल्या माणसाच्या बाबतीत हा मुद्दा टिकत नाही, उगाच त्यावर भर देऊ नका.

आता अर्ज, म्हणजे अभ्यावेदन: आदेशाविरुद्ध कैद्याचं लेखी म्हणणं. हा हक्क संविधानाच्या कलम 22(5) चा आहे. एकच मजकूर चार ठिकाणी द्या: सही करणारा अधिकारी, भोपाळला राज्याचं गृह खातं, दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालय आणि सलाहकार मंडळ. पाच प्रती काढा. जेल अधीक्षकामार्फत द्यायच्या आणि पाचवीवर तारखेसह पोच घ्यायची. शिवाय घरच्यांनी तेच स्पीड पोस्टाने पाठवून पावत्या जपाव्यात. फक्त मंडळाकडे अर्ज देणं ही फार महाग पडणारी चूक आहे, कारण सरकारने तो स्वतंत्रपणे आणि तातडीने बघायचा असतो. जबलपूरच्या एका प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जावर निर्णय घ्यायला आणि तो कळवायला झालेल्या उशिरामुळे आदेश रद्द केला. सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो हे कळवलं नसेल, तर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निर्णय तुमच्या बाजूचा आहे.

अर्ज दोन-तीन पानांचा असावा. साक्षीदार खोटे आहेत वगैरे खटल्यातले वाद त्यात नकोत. भांडण दोन घरांचं किंवा दोन गटांचं होतं, त्याने सार्वजनिक व्यवस्था बिघडली नाही, आणि नेहमीचा फौजदारी कायदा पुरेसा आहे, हे घटनेच्या तपशिलासह लिहा.

सलाहकार मंडळासमोर वकील हक्काने मिळत नाही. पण ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकील नसलेल्या मित्राची मदत मान्य केली आणि सरकार वकील आणत असेल तर कैद्यालाही वकील हवा असं सांगितलं. "मला समक्ष ऐकावं" हे अर्जातच लिहा. मंडळाने पुरेसं कारण नाही म्हटलं तर सरकारला सोडावंच लागतं.

हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात संविधानाच्या कलम 226 खाली आदेशाविरुद्ध याचिका करायला मंडळाच्या अहवालाची वाट बघायची गरज नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, फोन 15100. याचिकेला तारखांचा तक्ता आणि पोच पावत्या जोडा.

सुटल्यावर पुन्हा आदेश निघू शकतो. मात्र नवी घटना घडली नसेल तर सगळी मुदत पहिल्या स्थानबद्धतेपासून 12 महिन्यांच्या आतच राहते, त्यामुळे पहिल्या वेळचा प्रत्येक कागद सांभाळून ठेवा.